चाकांवरचे घर आणि दुसऱ्याचा पत्ता

घर म्हणजे पायातली बेडी, असे सांगणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. पूर्वी हे वाक्य संन्यासी उच्चारीत, आणि उच्चारल्यावर कमंडलू उचलून खरोखरच चालते होत. आता ते उच्चारणारी मंडळी निराळी आहेत. नोकरीतून सुखरूप निवृत्त झालेली, नियमित पेन्शन मिळणारी, मुलांची लग्ने उरकलेली ही मंडळी युरोपात एक लांबलचक गाडी विकत घेतात. गाडीत पलंग असतो, शेगडी असते, पाण्याची टाकी असते आणि कपाटाएवढ्या खोलीत शौचकूपही असतो. कॅम्परव्हॅन म्हणतात तिला. मग राहते घर विकून किंवा भाड्याने देऊन हे नवे वानप्रस्थी वर्ष वर्ष, दोन दोन वर्षे पोर्तुगालपासून नॉर्वेपर्यंत हिंडत राहतात, आणि वाटेत जिथे जिथे ओळखीचे कोणी असेल तिथे तिथे मुक्काम ठोकतात.

हिंडण्याविषयी आमची तक्रार नाही. हिंडावे, जग पाहावे, पाय धड आहेत तोवर पाहून घ्यावे. तक्रार आहे ती हिंडण्यापाठोपाठ येणाऱ्या प्रवचनाविषयी. "आम्ही घर सोडले आणि मोकळे झालो. आता आम्हांला कोणाची गरज नाही. विंचवासारखे आमचे बिऱ्हाड पाठीवर. तुम्ही मात्र चार भिंतींत कुजत पडला आहात!" हे प्रवचन आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्यातली स्वल्पविरामाची जागासुद्धा आम्हांला ठाऊक झाली आहे. घराला नुकताच रंग दिलेल्या, दारात रांगोळी घातलेल्या माणसाला ऐन दिवाळीत कोणी असे ऐकवू लागला, तर त्याने उत्तरादाखल चार शब्द बोलावेत हे बरे. आमचे उत्तर एवढेच आहे, की या मोकळेपणाला एक पत्ता लागतो, आणि तो पत्ता नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

या छंदाचा उगमच पाहा. इंग्लंडच्या आरमारात डॉक्टरकी केलेले विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी बांधून घेतली. रानावनातून फिरणाऱ्या जिप्सींच्या गाड्या पाहून त्यांना ती सुचली होती. चैनीखातर बांधलेले हे पहिले फिरते घर, असे मानतात. गाडीचे वजन दोन टन. ओढायला दोन घोडे, हाकायला गाडीवान, सेवेला एक नोकर, सोबतीला एक दांडगा कुत्रा आणि एक काकाकुवा. रस्ता अरुंद असला म्हणजे नोकराने तिचाकी सायकलवरून पुढे जायचे आणि समोरून कोणी येत नाही ना ते पाहायचे! डॉक्टरसाहेब या थाटात ट्वायफर्डहून इन्व्हरनेसपर्यंत गेले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि आपल्या घरी परत आले. जिप्सीची गाडी त्यांनी उचलली; जिप्सीचे जिणे मात्र जिप्सीपाशीच राहू दिले.

पुढचा इतिहास भराभर सांगण्याजोगा आहे. १९३१ साली जर्मनीतील ईस्नी गावच्या आरिस्ट डेथलेफ्स यांनी आपल्या चित्रकार वाग्दत्त वधूसाठी मोटारीमागे जोडायचे घर बांधले. तिला त्यांच्याबरोबर फिरायचेही होते आणि चित्रेही काढायची होती. (या साऱ्या इतिहासात आम्हांला मनापासून आवडलेला माणूस हा एकच.) मार्च १९५० मध्ये फोक्सवागनची ती प्रसिद्ध डबा-गाडी तयार होऊ लागली, आणि दुसऱ्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी पलंग-कपाटांचा संच काढला. तशाच गाड्या पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा रस्ता धरून थेट आपल्या हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत आल्या. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता मिटला. हणजूणला आलेली ती पोरेही घर सोडल्याची भाषा बोलत. पण विहिरीचे पाणी हणजूणकरांचे होते, हे तिथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवत असेल.

आता ज्यांची नक्कल स्टेबल्सनी केली, त्या खऱ्या भटक्यांचे काय झाले ते पाहू. हे विषयांतर नाही. युरोपातल्या मोकळ्या हिंडण्याची खरी किंमत इथेच कळते.

जिप्सी, म्हणजे रोमा लोक, मूळचे आपल्याच भूमीतले. त्यांची भाषा भारतीय कुळातली आहे, हे जर्मन पंडितांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच ओळखले होते. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', नाकाला 'नाख', आणि माणसाला 'मानुष'. फ्रान्समधल्या त्यांच्या एका शाखेचे नावच 'मानुश' असे आहे. म्हणजे आपण कोण, या प्रश्नाला त्यांनी शतकानुशतके 'आम्ही माणसे' एवढेच उत्तर दिले. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या त्यांच्या पहिल्या जागतिक परिषदेने जो ध्वज स्वीकारला, त्यावर सोळा आऱ्यांचे तांबडे चाक आहे. चाकांवरच्या घराचा अधिकार जगात कोणाला असेल तर तो यांना.

त्या अधिकाराचे फ्रान्सने काय केले? १९१२ च्या कायद्याने भटक्यांना शरीराची मापे आणि बोटांचे ठसे असलेली एक वही बाळगण्याची सक्ती केली. गाव बदलले की तीवर शिक्का. ६ एप्रिल १९४० रोजी, जर्मन फौजा यायच्या आधीच, फ्रेंच सरकारने हुकूम काढून त्यांचे फिरणे बंद केले. पुढे कुटुंबेच्या कुटुंबे छावण्यांत कोंडली गेली. युद्ध १९४५ मध्ये संपले. अँगुलेम येथील छावणीतली शेवटची माणसे सुटली ती जून १९४६ मध्ये. एक वर्ष कोणाला त्यांची आठवण झाली नाही! १९६९ च्या कायद्याने जुनी वही गेली आणि तिच्या जागी नवे परवाने आले. ज्यांना नियमित मिळकत दाखवता येत नसे, त्यांना दर तीन महिन्यांनी पोलिसांकडे जाऊन शिक्का घ्यावा लागे. शिवाय प्रत्येकाने कुठल्या तरी गावाशी स्वतःला जोडून घ्यायचे, आणि जोडून घेतल्यावर तीन वर्षे थांबायचे, तेव्हा मताचा अधिकार. तीन महिन्यांचा शिक्का आणि तीन वर्षांची ही अट फ्रान्सच्या घटना परिषदेने २०१२ साली रद्द केली. उरलेसुरले परवाने २०१७ च्या जानेवारीत गेले. पाच हजारांवर वस्तीच्या गावांनी भटक्यांच्या गाड्यांसाठी जागा द्यावी, असा कायदा २००० साली झाला आहे. कोणत्या जागा? २६ सप्टेंबर २०१९ रोजी रुआँ शहरात ल्युब्रिझोल या रसायनांच्या कारखान्याला भयंकर आग लागली, तेव्हा कारखान्यापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर भटक्या कुटुंबांचा असा एक तळ होता. या एका उदाहरणावरून वाचकाने काय ते समजावे.

आणि त्याच फ्रान्समध्ये, पांढऱ्याशुभ्र नव्या कॅम्परव्हॅनमधून येणाऱ्या निवृत्त दांपत्यासाठी नदीकाठी, किल्ल्याच्या पायथ्याशी, देवळाच्या मागे झाडीत गाडीतळ बांधलेले असतात. दोन-तीन युरो टाकले की शंभर लिटर पाणी. वीज. मैला टाकायची सोय. शिवाय भिंतीवर गावातल्या पाववाल्याचे वेळापत्रक. गाडी तीच, चाके तीच, आत शिजणारा भातही तोच. मग फरक कसला? एकापाशी कुठे तरी पत्ता आहे आणि दुसऱ्यापाशी नाही. फ्रान्समध्ये आजही फिरत्या गाडीला राहते घर मानीत नाहीत. म्हणून तिच्यात जन्म काढणाऱ्या कुटुंबाला घरासाठी मिळणारे सरकारी साहाय्य मिळत नाही. इंग्लंडही काही मागे नाही. २०२२ च्या पोलिसविषयक कायद्याने, परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर गाडी लावून राहणाऱ्याला अटक करण्याची आणि गाडी जप्त करण्याची मुभा दिली. २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या उच्च न्यायालयाने त्यातला काही भाग मानवी हक्कांशी विसंगत ठरवला. ज्यांना हिंडण्यावाचून दुसरे जिणे माहीत नाही, त्यांचे हिंडणे गुन्हा. आणि ज्यांनी साठाव्या वर्षी हौसेने हिंडायचे ठरवले, त्यांचे हिंडणे तत्त्वज्ञान!

पण त्या हौसेच्या हिंडण्याचा रोजचा व्यवहार तरी मोकळा असतो का? गाडीतली टाकी साधारण शंभर लिटरची. दोघांनी जपून वापरली तर दोन-तीन दिवस. शौचकूपाखालची पेटी अठरा-वीस लिटरची. तीही दोन-तीन दिवसांत भरते, आणि मग ती चाके लावलेल्या पेटीसारखी ओढत नेऊन कुठे तरी रिकामी करावी लागते. गॅस भरायचा तर देशोदेशी नळीची तोंडे निराळी, म्हणून चार तऱ्हेचे जोड जवळ ठेवायचे. ढगाळ आठवड्यात छपरावरची सूर्यपट्टी काम देत नाही. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी या मुक्त जीवांना कोणत्या तरी स्थिर गावाच्या नळाशी जावेच लागते. तो नळ, ते गटार आणि तो मैला शुद्ध करणारा कारखाना कोण चालवतो? चार भिंतींत कुजणारी, कर भरणारी माणसे.

या व्यवहारात एक गोष्ट खरोखर चांगली आहे, ती सांगून टाकतो. शंभर लिटरांत तीन दिवस काढणारा माणूस पाण्याची किंमत शिकतो. पश्चिम युरोपातल्या घरात एकेक माणूस रोज शंभराहून अधिक लिटर पाणी सांडतो. गाडीतला माणूस भांडी वाटीभर पाण्यात विसळतो. एवढे शिक्षण त्याला मिळते हे आम्ही मान्य करतो. ते तो मित्राच्या घरी गेल्यावर विसरतो, ही गोष्ट निराळी. तिकडे वळूच.

रानात कुठेही गाडी उभी करून झोपावे, हाही एक भ्रमच. स्वीडन-नॉर्वेत कोणाच्याही रानात फिरण्याचा आणि तंबू टाकण्याचा लोकांचा जुना हक्क आहे. नॉर्वेने तो १९५७ साली कायद्यात लिहिला. तो पायांनी फिरणाऱ्यांचा हक्क आहे. इंजिन लावून रानात शिरण्याचा नव्हे. जर्मनीत थकलेल्या चालकाने पुन्हा गाडी हाकण्याजोगे व्हावे म्हणून एक रात्र रस्त्याकडेला झोपलेले चालते. पण बाहेर खुर्ची काढली, छत उघडले की तो मुक्काम ठरतो आणि दंड होतो. स्वातंत्र्याची मर्यादा एका घडीच्या खुर्चीने ठरावी, ही गंमत जर्मनांनाच सुचू जाणे! पोर्तुगालच्या किनाऱ्यावर तर या गाड्यांनी इतकी गर्दी केली, आणि वाळूच्या टेकड्यांमागे इतकी घाण केली, की २०२१ च्या जानेवारीत नेमल्या जागांखेरीज इतरत्र रात्र काढण्यावर सरसकट बंदी आली. ऑगस्टमध्ये ती सैल झाली. राखीव निसर्गक्षेत्रे आणि किनारपट्टीचे संरक्षित भाग वगळता एका नगरपालिकेच्या हद्दीत अठ्ठेचाळीस तास. बंदी आली ती काही द्वेषाने नव्हे. ज्या गावाची माणसे सकाळी उठून समुद्रावर फिरायला जात, त्यांना रोज दुसऱ्याचा विधी ओलांडून जावे लागे.

याच युरोपात एक गोष्ट फार सुंदर चालते, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे गेलो तर अन्याय होईल. फ्रान्समध्ये १९९३ पासून 'फ्रान्स पासियाँ' नावाची एक योजना आहे. द्राक्षमळ्यांचे मालक, चीज करणारे, मध गोळा करणारे शेतकरी आपल्या आवारात अशा गाड्यांना जागा देतात. पैसे घेत नाहीत. काही विकत घेतलेच पाहिजे अशी अट नाही. अटी आहेत त्या अशा: आल्यावर मालकाला भेटून नमस्कार करावा, आपले पाणी आणि आपला मैला आपण सांभाळावा, चोवीस तासांत निघावे, निघताना निरोप घ्यावा. आतिथ्याचे सारे शास्त्र यात आले. कोण आले आहे ते यजमानाला कळते, किती वेळ आहे तेही कळते, आणि पाहुणा आपल्या ओझ्यासकट निघून जातो. अनोळखी शेतकऱ्याशी ही मंडळी अशी शहाण्यासारखी वागतात. ओळखीच्या माणसाशी मात्र नाही.

आमची एक भाची हॉलंडात आइंडहोवनजवळच्या एका गावी असते. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, दोन लहान मुले आहेत, घर डच पद्धतीचे, म्हणजे उंच आणि चिंचोळे. तिच्या वडिलांच्या कॉलेजातले एक मित्र लंडनला पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. मूळचे सांगलीचे, पासपोर्ट आता ब्रिटिश. त्यांनी घर विकून सात मीटर लांबीची गाडी घेतली आणि पत्नीसह ते युरोपभर फिरू लागले. भाचीला ते काका-काकू. वसंतात उत्तरेकडे जाताना तीन आठवडे आणि शरदात दक्षिणेकडे येताना तीन आठवडे त्यांचा मुक्काम तिच्या दारी असतो. काकांचे म्हणणे, "आम्ही काही तुला त्रास देत नाही. झोपतो आमच्या गाडीत."

"मामा," भाची आम्हांला म्हणाली, "झोपतात गाडीत, हे अगदी खरं. पण खिडकीतून विजेची तार जाते ती माझ्या घरातून. नळी जाते बागेच्या नळाची. कपड्यांचं यंत्र दिवसभर चालू. ती निळ्या औषधाची पेटी रिकामी होते माझ्या संडासात. आणि संध्याकाळी सहाला ऑफिसातून आले की काकू म्हणतात, आज तुझ्या हातची आमटी खायची इच्छा आहे! हॉटेलात उतरलेला पाहुणा जेवून तरी परत जातो. हे दारातच असतात. सकाळी पडदा सारला की समोर गाडी."

हे ऐकून कोणी म्हणेल, की मुलगी परदेशात राहून बदलली. मुळीच नाही. तिच्या आईवडिलांच्या घरी महिना महिना माणसे राहून गेली आहेत आणि तिने त्यांची अंथरुणे घातली आहेत. फरक असा, की त्या पाहुण्यांना परतीची गाडी असे. कोणाची परीक्षा असे, कोणाचे दवाखान्याचे काम असे, कोणाला घरी म्हशीची ओढ असे. काम संपले की ते निघत, आणि पुढच्या वर्षी आपण त्यांच्याकडे जात असू. कॅम्परव्हॅनच्या पाहुण्याला परतीची तारीख नाही. त्याला कुठे पोचायचे नसते, म्हणून कुठून निघायचेही नसते. आणि त्याचे घरच नसल्यामुळे परतफेडीला जागाच राहत नाही. भाचीने सुटीत त्यांच्याकडे जावे म्हटले तर जाणार कुठे? सात मीटरांत?

त्यातून आपल्याकडची अडचण अशी, की वडीलधाऱ्या माणसाला "कधी निघणार?" असे विचारता येत नाही. विचारणारी जीभच आपल्या घरांत घडत नाही. या संकोचावर काका-काकू सहा आठवडे जगतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून उदार होणे आपल्याला माहीत होते. हलवायाच्या घरात राहून त्याला वैराग्य शिकवणे ही नवी सुधारणा आहे. एका रविवारी काका भाचीच्या नवऱ्याला म्हणाले, "अरे, हे कर्ज, हे घर, कशाला अडकून पडलास यात?" त्या वेळी त्यांच्या हातातला चहा त्याच कर्जाच्या स्वयंपाकघरात झाला होता.

मित्रांकडे राहणे वाईट, असे आम्हांला म्हणायचे आहे, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. उलट, युरोप पाहायचा तर तो मित्राच्या घरातच दिसतो असे आमचे मत आहे. स्टुटगार्टच्या बाजूला, श्वाबेन प्रांतात, जिन्याच्या सफाईची पाळी घराघरांत आठवड्याने फिरते. ज्याची पाळी त्याच्या दारावर 'केरवोखं' लिहिलेली पाटी येते. जिना, आवार, दारापुढचा रस्ता, सारे त्याने झाडायचे. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, शेजाऱ्याला आवाज होतो. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा निरनिराळ्या पिंपांत टाकायच्या. हे कोणत्या संग्रहालयात दिसणार? ते पाहायला त्या जिन्यावर राहणारा मित्रच हवा. पण मित्राच्या दारावर पाटी आलेली दिसली तर झाडू आपण उचलावा, एवढे ज्याला सुचते त्यानेच तिथे राहावे. गाडीवाल्यांची पाळी कधीच येत नाही. पाटी लावायला त्यांना दारच नाही.

आता पासपोर्टाची गोष्ट. युरोपातल्या शेंगेन देशांत बाहेरच्या माणसाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. आपल्याला हा नियम पूर्वीपासून लागू आहे आणि आपण तो निमूटपणे पाळत आलो. १ जानेवारी २०२१ पासून तो ब्रिटिशांनाही लागू झाला, तेव्हा त्यांच्या गाडीवाल्यांनी असा आक्रोश केला, की जणू कोणी त्यांच्या आजोबांची इस्टेट लुटली. ९० दिवस भरले की ते क्रोएशिया, रुमानिया, बल्गेरियात जाऊन दिवस काढीत. क्रोएशिया २०२३ साली शेंगेनमध्ये आला आणि उरलेले दोन देश २०२५ च्या आरंभी पूर्णपणे आले. म्हणून आता गाड्या आल्बानिया आणि मोरोक्कोकडे वळतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सरहद्दीवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे चित्र घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १९१२ साली फ्रान्सने भटक्यांना जे करायला लावले, ते आता आपल्याला करावे लागते म्हणून हे लोक चिडतात. मानुशांनी शंभर वर्षे काय सोसले, हे त्यांपैकी कितीकांना आठवले असेल?

या नियमाची दुसरी बाजू भाचीच्याच घरी दिसली. तिचे आईवडील तीन महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार होते. प्रत्येकी ९० युरोंचे व्हिसाशुल्क तर भरलेच. शिवाय त्यांच्या राहण्याची आणि खर्चाची हमी देणारा एक छापील कागद भाचीने भरला, पगाराचे पुरावे जोडले, आणि नगरपालिकेत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करून ती प्रमाणित करून घेतली. फ्रान्समध्ये अशा यजमानाला महापौराच्या कचेरीतून आतिथ्याचा दाखला घ्यावा लागतो. पाहुण्याला पुरेल एवढे घर आहे की नाही, याची तपासणीही होऊ शकते. जर्मनीत यजमान हमीपत्र देतो तेव्हा पाहुण्याचे आजारपण आणि वेळ आली तर त्याला परत पाठवण्याचा खर्चही स्वतःच्या अंगावर घेतो. आपल्या माणसाला मित्राच्या घरी दोन महिने राहायचे, तर मित्राने सरकारदरबारी जामीन राहायचे! पोटच्या पोरीने आईबापांसाठी सही केली त्याच महिन्यात काकांची गाडी दाराशी येऊन उभी राहिली. त्यांच्यासाठी कोणी कसलाही कागद मागितला नाही. यात काकांचा दोष नाही. पासपोर्टाचा गुण आहे. पण तो गुण आपल्या धाडसाचा आहे असे त्यांना वाटते, तिथे आमचे त्यांच्याशी जमत नाही.

तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्या पाहुण्याच्या अकलेविषयी आपल्या म्हणीत काय म्हटले आहे, ते वाचकांना सांगायला नको. डच लोकांना ती म्हण ठाऊक नसावी. पण तिथल्या अनेक नगरपालिकांनी रस्त्यावर अशी गाडी सलग तीन दिवसांहून अधिक उभी करू नये, असा नियम केला आहे. शेजाऱ्याने तक्रार केली आणि भाचीला पालिकेचे पत्र आले. काकांनी गाडी दोन गल्ल्या पलीकडे नेली आणि चौथ्या दिवशी परत आणली. भाचीने या वर्षी धीर करून त्यांना आधीच कळवले, की या खेपेला तीन रात्री, नंतर गावाबाहेरच्या गाडीतळावर. जेवायला रोज या. काका रागावले. काकू आल्या, आणि दोन दिवस त्यांनी स्वयंपाकघरात भाचीला हातही लावू दिला नाही.

राहता राहिला पत्ता. ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या गाडीला तिथला पत्ता लागतो. विमा उतरवायला लागतो, डॉक्टरकडे नाव ठेवायला लागतो, बँकेला लागतो, पेन्शनीच्या पत्रांना लागतो. गाडीची वार्षिक तपासणीही ब्रिटनमध्ये जाऊनच करून घ्यावी लागते. घर विकल्यावर काकांनी हे सारे लेस्टरला राहणाऱ्या एका जुन्या मित्राच्या घराकडे वळवले. तो गृहस्थ विधुर आहे. रोज सकाळी टपाल उचलतो, काकांची पाकिटे निराळी काढतो, विचारून फोडतो, फोटो काढून पाठवतो, दंडाची नोटीस असली तर फोन करतो. तपासणीच्या महिन्यात गाडी त्याच्याच आवारात असते.

त्याच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. घर विकून मुलीकडे राहायला जावे, असे त्याने गेल्या वर्षी ठरवले आणि काकांना तसे सांगितले. काका त्या वेळी सिसिलीत होते. त्यांनी विचारले, "मग आमच्या पत्रांचं काय?" मुलीकडे जाणे त्याने तूर्त पुढे ढकलले आहे.